घरच्या संगीतासाठी ॲम्प्लिफायरची निवड

घरच्या बैठकीच्या खोलीत रागसंगीत, नाट्यपदे किंवा पाश्चात्त्य वाद्यवृंद मन लावून ऐकण्याची ज्यांना आवड आहे, आणि त्या आवडीपायी वर्षाच्या शिलकीतून काही रक्कम बाजूला काढण्याची ज्यांची तयारी आहे, असे वाचक ॲम्प्लिफायरच्या खरेदीचा विचार करू लागले म्हणजे बहुधा पहिला प्रश्न विचारतात तो असा की, व्हॉल्व्हचा घ्यावा की ट्रान्झिस्टरचा, आणि ट्रान्झिस्टरचाच घ्यावयाचा तर क्लास ए, क्लास एबी की अलीकडे सर्वत्र दिसू लागलेला क्लास डी. प्रश्न रास्त आहे, परंतु तो पहिला नव्हे. ॲम्प्लिफायरचे काम स्पीकरला वाजविण्याचे. तेव्हा कोणता स्पीकर, केवढ्या खोलीत, किती मोठ्याने वाजवावयाचा, हे ठरल्याखेरीज ॲम्प्लिफायरच्या जातीची चर्चा करणे म्हणजे खर्चाचा अंदाज न घेता इमारतीच्या रंगाविषयी वाद घालण्यासारखे आहे.

प्रथम शक्तीचा हिशेब करावा. प्रत्येक स्पीकरच्या माहितीपत्रकात संवेदनक्षमतेचा आकडा दिलेला असतो. १ वॅट शक्ती दिली असता १ मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळेल, हे तो सांगतो. घरगुती वापराचे बहुतेक स्पीकर ८५ ते ९० डेसिबलच्या दरम्यान असतात. समजा, आपला स्पीकर ८७ डेसिबलचा आहे आणि आपली खुर्ची त्यापासून ३ मीटर, म्हणजे सुमारे दहा फुटांवर आहे. मोकळ्या मैदानात एवढ्या अंतराने साडेनऊ डेसिबलची घट झाली असती. परंतु खोलीच्या भिंती व छत ध्वनी परत फेकतात आणि स्पीकर एकाऐवजी दोन असतात, त्यामुळे त्या घटीपैकी पाच-सहा डेसिबल भरून निघून खुर्चीपाशी साधारण ८३ डेसिबल पोहोचतात, असे धरावयास हरकत नाही. आता, निवांतपणे ऐकताना आवाजाची सरासरी पातळी ७७ डेसिबलच्या आसपास असते, आणि तेवढ्यासाठी लागणारी शक्ती भरते अवघी पाव वॅट. तथापि संगीत सरासरीवर चालत नाही. विलंबित ख्यालात आलापीचा ओघ संथपणे वाहत असता समेवर तबलजीचा हात पडतो, त्या एका क्षणात आवाजाचे शिखर सरासरीच्या वर पंधरा-वीस डेसिबल जाऊ शकते. आणि वीस डेसिबल म्हणजे शंभरपट शक्ती. पाव वॅटची शंभरपट पंचवीस वॅट झाली. त्यावर थोडी राखीव तजवीज धरली, तर चाळीस ते साठ वॅटचा ॲम्प्लिफायर मध्यमवर्गीय घरातील दिवाणखान्यास पुरून उरतो.

ह्याच हिशेबातून आणखी दोन गोष्टी निघतात. शक्ती दुप्पट केली असता आवाजात केवळ ३ डेसिबलची भर पडते, आणि कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटावयास सुमारे १० डेसिबलची, म्हणजे दहापट शक्तीची गरज असते. तेव्हा पन्नास वॅटऐवजी शंभर वॅटचे यंत्र घेण्यासाठी जो जादा पैसा मोजावा लागतो, त्याच्या मोबदल्यात हाती फारसे काही लागत नाही. याउलट ९३ डेसिबलचा स्पीकर निवडला, तर पंचविसाच्या ठिकाणी सहा-सात वॅट पुरतात, आणि ज्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरांचा अन्यथा विचारही करता आला नसता, ते एकदम आटोक्यात येतात. म्हणून माझा आग्रह असा की, एकूण रकमेचा निम्म्याहून अधिक हिस्सा स्पीकरवर खर्च करावा आणि ॲम्प्लिफायर त्या स्पीकरला अनुरूप पाहून मग घ्यावा.

वॅटच्या आकड्यांविषयी एक सावधगिरीची सूचना येथेच देऊन ठेवतो. आपल्याकडे ‘पीएमपीओ’ नावाचे एक माप खोक्यांवर मोठ्या अक्षरांत छापण्याचा प्रघात पडला, आणि तळहाताएवढ्या स्पीकरच्या संचावर दोन-दोन हजार वॅट लिहिलेले लोकांनी पाहिले. ह्या मापास कसलाही शास्त्रीय आधार नाही, ते सर्वस्वी दुर्लक्षावे. अमेरिकेत असल्याच फुगवट्याला आळा घालण्यासाठी तेथील फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली ॲम्प्लिफायरच्या शक्तीची जाहिरात कोणत्या अटींवर करावी, याचा नियमच केला. आपण दुकानदारास विचारावयाचे ते असे: ८ ओमच्या भारावर, दोन्ही चॅनेल एकाच वेळी चालू असताना, २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत, किती विरूपणासह, किती वॅट सतत मिळतात? ह्या प्रश्नाचे उत्तर माहितीपत्रकात सापडत नसेल, तर तो जिन्नस बाजूस ठेवावा.

आता जातींकडे वळू. अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली निर्वात नळीत, म्हणजे व्हॉल्व्हमध्ये, तिसरे अग्र बसविले, आणि तेथून पुढे अर्धशतकभर जगातील सारे ध्वनिवर्धन व्हॉल्व्हच्याच आधारे चालले. घरगुती संगीतश्रवणाला शास्त्रशुद्ध पाया मिळाला तो १९४७ साली, ‘वायरलेस वर्ल्ड’ ह्या ब्रिटिश मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी आपल्या १५ वॅटच्या ॲम्प्लिफायरचा आराखडा प्रसिद्ध केला तेव्हा. विरूपणाचे प्रमाण एका टक्क्याच्या दहाव्या हिश्श्याइतके खाली आणणारी ती रचना जगभरच्या हौशी मंडळींनी स्वतःच्या हातांनी जुळवून पाहिली. योगायोग असा की, ज्या ट्रान्झिस्टरने पुढे व्हॉल्व्हला पदच्युत केले, त्याचा शोधही त्याच वर्षाच्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत लागला.

व्हॉल्व्हच्या आवाजाला जो ‘गोडवा’ म्हणतात, तो निव्वळ भास नाही. त्याला कारण आहे, आणि संगीताच्या विद्यार्थ्यास ते चटकन समजण्याजोगे आहे. कोणतेही वर्धक मूळ स्वरात स्वतःचे काही स्वरांश मिसळते; विरूपण म्हणतात ते हेच. साध्या रचनेचा, एकच त्रिअग्री व्हॉल्व्ह वापरणारा ॲम्प्लिफायर प्रामुख्याने दुसरा स्वरांश मिसळतो, म्हणजे षड्जामागे वरच्या सप्तकातील षड्ज. तिसऱ्या स्वरांशाने त्यापुढील पंचम मिळतो आणि पाचव्याने गंधार. हे सारे मूळ नादाशी सुसंवादीच असल्यामुळे कानाला खुपत नाही, उलट आवाज भरदार वाटतो. परंतु हा लाभ एकाच नादापुरता आहे हेही ध्यानात ठेवावे. गायकाचा कंठ, सारंगी वा हार्मोनियम आणि तंबोरा एकत्र वाजत असताना त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून असे नादही उत्पन्न होतात, ज्यांचा कोणत्याच स्वराशी संबंध नसतो. आणि विरूपण मोठे असेल तर भरदारपणाबरोबर एक प्रकारचा गढूळपणाही पदरी येतो.

याहून महत्त्वाची गोष्ट स्पीकरच्या संदर्भातील आहे. स्पीकरवर ८ ओम लिहिलेले असले, तरी त्याचा अवरोध प्रत्येक कंपनसंख्येला निराळा असतो. कोठे तो ४ ओमपर्यंत उतरतो, तर कोठे ३० ओमपर्यंत चढतो. चांगल्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरचा स्वतःचा अंतर्गत अवरोध ओमचा अत्यल्प अंश असल्यामुळे ह्या चढउताराची त्याला क्षिती नसते. व्हॉल्व्हचा अंतर्गत अवरोध मात्र २ ओमपर्यंत असू शकतो, आणि तसा असला म्हणजे वर सांगितलेल्या स्पीकरवर निरनिराळ्या स्वरांच्या पातळीत सुमारे ३ डेसिबलपर्यंत फरक पडतो. एवढा फरक सामान्य कानालाही स्पष्ट कळतो. म्हणूनच एकच व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर एका घरी मोहित करतो आणि दुसऱ्या घरी निराश करतो; दोष त्याचा नसतो, जोडी चुकलेली असते. ३००बी ह्या प्रसिद्ध व्हॉल्व्हचा एकेरी ॲम्प्लिफायर जेमतेम ८ वॅट देतो, ईएल८४ ची जोडी दहा-पंधरा आणि ईएल३४ ची जोडी तीस-पस्तीस. तेव्हा अवरोध फारसा न बदलणारा आणि नव्वदीच्या वरच्या संवेदनक्षमतेचा स्पीकर घरात असेल, तरच ह्या वाटेस जावे.

व्हॉल्व्हची निगा हीसुद्धा नित्याची बाब आहे. शक्ती देणारे मोठे व्हॉल्व्ह साधारणपणे दोन ते पाच हजार तास टिकतात आणि मग जोडीने बदलावे लागतात. आत तीनशे-चारशे व्होल्टचा दाब खेळत असतो, आणि यंत्र बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये तो काही काळ साठून राहतो. त्यामुळे जाणकारावाचून खालचे झाकण उघडू नये. स्पीकरच्या तारा जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर कदापि वाजवू नये, कारण भाराविना त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याचा धोका असतो. घरात रांगती मुले असतील, तर तापलेल्या काचांवर जाळीचे आवरण अवश्य घालावे.

ट्रान्झिस्टरच्या यंत्रांत क्लास ए ही पद्धत सर्वांत सरळ होय. तीत वर्धन करणाऱ्या घटकांतून विद्युत्प्रवाह अखंड वाहत असतो, संगीत चालू असो वा नसो. त्यामुळे तरंगाचा कोणताही भाग हाताळताना ते घटक मधेच बंद पडत नाहीत. ब्रिटनच्या जॉन लिन्सली हूड यांनी एप्रिल १९६९ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’मध्येच प्रसिद्ध केलेला १० वॅटचा आराखडा इतका मोजक्या घटकांचा आणि तरीही इतका श्रवणीय आहे की, हौशी मंडळी तो आजतागायत बांधीत आली आहेत. ह्या पद्धतीचा दोष म्हणजे उधळपट्टी. दोन्ही चॅनेलांना वीस-वीस वॅट देणारे क्लास ए यंत्र विजेच्या जोडणीतून सुमारे २०० वॅट सतत ओढते. रोज चार तास ऐकले तर महिन्याकाठी चोवीस युनिट होतात, आणि त्यातील बहुतेक सारी वीज खोलीत उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. महाबळेश्वरी अथवा हिवाळ्यात हे सुसह्य आहे. विदर्भातल्या मे महिन्यात पंखा चालू ठेवून क्लास ए ऐकण्याची शिफारस मी करणार नाही.

ही उधळपट्टी टाळण्यासाठी क्लास बीची युक्ती निघाली. तरंगाचा वरचा अर्धा भाग एका ट्रान्झिस्टरने आणि खालचा अर्धा दुसऱ्याने उचलावा, म्हणजे दोघांनाही आळीपाळीने विसावा मिळतो. दोन माणसांनी दोन टोकांना धरून ओढावयाच्या करवतीचा हाच न्याय. परंतु करवत जिथे दिशा बदलते तिथे जसा एक हिसका बसतो, तसाच पहिला ट्रान्झिस्टर थांबून दुसरा सुरू होण्याच्या संधीवर तरंग किंचित मोडतो, आणि त्या मोडीतून सातवा, नववा असे उच्च विषम स्वरांश निर्माण होतात, ज्यांपैकी सातव्यासारखे काही आपल्या सप्तकात कोठेच बसत नाहीत. उपाय असा की, दोन्ही ट्रान्झिस्टरांतून थोडासा प्रवाह नेहमीच वाहता ठेवावा, म्हणजे संधिकाळात दोघेही जागे असतात. ह्यालाच क्लास एबी म्हणतात, आणि ह्या प्रवाहाच्या नेमकेपणावर, ज्याला कारागीर ‘बायस’ म्हणतो त्यावर, यंत्राची सारी इभ्रत अवलंबून असते. उरलेसुरले विरूपण ऋण प्रतिभरणाने कमी केले जाते. बाहेर पडणाऱ्या तरंगाचा अंश उलटा करून आत आणण्याची ही कल्पना हॅरल्ड ब्लॅक ह्या अमेरिकन अभियंत्यास १९२७ साली कामावर जाताना नावेत सुचली आणि त्याने ती हातातल्या वर्तमानपत्रावरच टिपून ठेवली.

संधिदोषाचे वैशिष्ट्य असे की, आवाज मोठा असताना तो दडून राहतो आणि आवाज मंद होत जाईल तसा उघडा पडतो. त्यामुळे त्याची परीक्षा घेण्यास आपल्या तंबोऱ्याइतके उत्तम साधन नाही. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून कारागिराने जवारी काढलेली असते, तीमुळे एकेका तारेतून स्वरांशांची एक लांबच लांब मालिका झंकारत राहते. गाणे सुरू होण्यापूर्वी केवळ तंबोरे जुळलेले वाजत आहेत असे एखादे मैफलीचे ध्वनिमुद्रण निवडावे, आवाज अगदी कमी ठेवावा, कान स्पीकरपासून हातभर अंतरावर न्यावा आणि षड्जाची तार छेडल्यानंतर तिचा नाद विरत जातो तेथे लक्ष द्यावे. निर्दोष यंत्रावर तो नाद आकाराने लहान होत जातो, पण त्याचा पोत बदलत नाही. बायस चुकलेल्या यंत्रावर शेवटी शेवटी त्याला एक कोरडी खरखर येते, आणि तार विरण्याऐवजी तुटल्याचा भास होतो. दुकानात मोठ्या आवाजात वाजणाऱ्या चित्रपटगीताने ह्या परीक्षेची बरोबरी होणार नाही.

क्लास डी ही सर्वस्वी निराळी तऱ्हा आहे. हिच्यात ट्रान्झिस्टर केवळ चालू किंवा बंद, अशा दोनच अवस्थांत असतात आणि सेकंदाला काही लक्ष वेळा त्या पालटत राहतात. संगीताच्या तरंगाप्रमाणे स्पंदांची रुंदी कमीअधिक होते, आणि शेवटची गुंडाळी व कंडेन्सर ती स्पंदने गाळून मूळ तरंग स्पीकरकडे पाठवितात. विजेचा नव्वद टक्क्यांपर्यंत उपयोग होतो, उष्णता नाममात्र, वजन थोडे. ब्रिटनमध्ये सिंक्लेअर कंपनीने १९६४ साली असे यंत्र विकण्याचा प्रयत्न केला तो फसला, कारण तेव्हाचे ट्रान्झिस्टर पुरेसे चपळ नव्हते. आणि त्यानंतरही दीर्घकाळ ह्या जातीची अपकीर्ती राहिली. ती आता ठेवण्याचे कारण उरलेले नाही. ब्रूनो पुट्झेस ह्या बेल्जियन अभियंत्याच्या रचनांनी गाळणीनंतरच्या तरंगावरून प्रतिभरण घेण्याची रीत रूढ केली, आणि आजची उत्तम क्लास डी यंत्रे मापनात कोणत्याही क्लास एबी यंत्रापुढे मान खाली घालीत नाहीत. मात्र स्वस्त चिपवर बांधलेल्या चिमुकल्या यंत्रांत प्रतिभरण बहुधा गाळणीपूर्वीच घेतलेले असते, त्यामुळे उच्च स्वरांची पातळी स्पीकरच्या अवरोधानुसार वरखाली होते. शिवाय जवळच मध्यम लहरींवर आकाशवाणी ऐकणाऱ्यांना त्यांच्यापासून खरखरीचा उपद्रव होण्याचा संभव असतो.

जातींची तुलना कानांनी करावयाची तर एक पथ्य कटाक्षाने पाळावे लागते. दोन यंत्रांपैकी ज्याचा आवाज अर्ध्या डेसिबलनेही मोठा असेल ते ऐकणाऱ्यास मोठे वाटत नाही, सरस वाटते. आणि विक्रेत्यांना हे ठाऊक असते. म्हणून २०० हर्ट्झचा स्थिर नाद वाजवून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने दाब मोजावा, आणि एका यंत्रावर तो २.०० व्होल्ट असेल तर दुसऱ्यावरही आवाजाचे बटण फिरवून तेवढाच आणावा, फरक २.०२ च्या पलीकडे नसावा. मग तेच ध्वनिमुद्रण, तोच स्पीकर, तीच खुर्ची, आणि कोणते यंत्र चालू आहे हे ऐकणाऱ्यास ठाऊक नाही अशी व्यवस्था करावी. ‘स्टीरिओ रिव्ह्यू’ ह्या अमेरिकन मासिकाने जानेवारी १९८७ च्या अंकात अशाच परीक्षेचा वृत्तांत दिला होता. स्वस्त रिसीव्हरपासून अतिमूल्यवान व्हॉल्व्ह यंत्रापर्यंतचे ॲम्प्लिफायर श्रोत्यांस खात्रीने निरनिराळे ओळखता आले नाहीत. मी ह्यावरून सगळे ॲम्प्लिफायर सारखे असा निष्कर्ष काढीत नाही, कारण अवघड स्पीकरवर, अथवा क्षमतेच्या टोकाशी, फरक निश्चित ऐकू येतात. पण दहापट किंमत मोजण्यापूर्वी ही परीक्षा घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

प्रीॲम्प्लिफायर आणि पॉवर ॲम्प्लिफायर वेगवेगळे घ्यावेत काय, याचे उत्तर थोडक्यात नाही असे आहे. एकाच पेटीत दोन्ही असलेले यंत्र घरगुती कामास पुरते. १९७८ साली निघालेल्या एनएडी ३०२० ह्या अवघ्या २० वॅटच्या साध्या यंत्राने ते जगभर सिद्ध केले. चित्रपटांसाठी बनविलेले अनेक चॅनेलांचे रिसीव्हर केवळ संगीतासाठी घेऊ नयेत. तबकड्या वाजवावयाच्या असतील, तर फोनोची जोडणी आहे की नाही हे आधी पाहावे.

आपल्याकडील हवामान आणि वीजपुरवठा हे दोन्ही ॲम्प्लिफायरचे शत्रू होत. कंडेन्सरच्या भोवतालचे तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते. म्हणून काचेच्या बंद शोकेसमध्ये यंत्र ठेवू नये, त्याच्या वर किमान चार-पाच इंच मोकळी जागा असावी. कोकणात व गोव्यात दमट हवेने जोडण्या आणि आवाजाचे बटण खरखरू लागते, तेव्हा पावसाळ्यात यंत्र रोज थोडा वेळ चालू ठेवणे हितावह. उबेला येणाऱ्या पाली आणि झुरळे यांच्यापासून मागच्या जाळ्या सांभाळाव्यात. तीन पिनांच्या प्लगातील अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत पोहोचते याची वायरमनकडून खातरजमा करून घ्यावी. घुमणाऱ्या आवाजाचे मूळ पुष्कळदा तेथेच सापडते. चौकोनी तरंगाच्या इन्व्हर्टरवर संगीत ऐकू नये.

दुरुस्तीचा प्रश्नही खरेदीच्या दिवशीच सोडवावा लागतो. क्लास एबीचे यंत्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतला अनुभवी कारागीर दुरुस्त करू शकतो, अट इतकीच की, नामांकित जपानी ट्रान्झिस्टरांच्या नकला बाजारात पुष्कळ असल्याने सुटे भाग खात्रीच्या ठिकाणाहून आणावेत आणि ते बदलल्यावर बायस पुन्हा लावून घ्यावा. क्लास डीमध्ये बहुधा संपूर्ण मॉड्यूलच बदलावे लागते, तेव्हा ते पाच वर्षांनंतरही मिळेल काय, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

इतक्या विवेचनानंतर माझा अभिप्राय असा. सामान्य खोली, ८५ ते ९० डेसिबलचे स्पीकर आणि रोजचे ऐकणे असेल, तर चाळीस ते साठ वॅटचा, हमी व दुरुस्तीची सोय असलेला क्लास एबी निःशंकपणे घ्यावा. जागा कमी, उकाडा फार किंवा स्पीकर अधिक शक्ती मागणारे असतील, तर गाळणीनंतरचे प्रतिभरण असलेला क्लास डी. क्लास ए आणि व्हॉल्व्ह हे त्यांच्यासाठी, ज्यांचे स्पीकर संवेदनक्षम आहेत आणि ज्यांना यंत्राची देखभाल हा आनंदाचाच भाग वाटतो. निवड कोणतीही असो, पैसे देण्यापूर्वी ते यंत्र चार दिवस घरी नेऊन आपल्याच स्पीकरवर ऐकण्याची सवलत मागावी, आणि दुकानदार ती देत नसेल तर दुसरे दुकान पाहावे.